दकियानूसचा दाखला: सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची परीक्षा

उर्दू बोलणाऱ्या घरांत 'दकियानूसी' हा शब्द नेहमी ऐकू येतो. मुलगी आईला म्हणते, अम्मी, तुमचे खयाल फार दकियानूसी आहेत. म्हणजे जुनाट, काळाच्या मागे पडलेले. हिंदी सिनेमामुळे हा शब्द मराठी घरांतही आला. पण तो एका माणसाच्या नावावरून आला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. दकियानूस हा एक बादशहा होता. आपल्या जुन्या तफसीरच्या किताबांत असहाब-ए-कहफचा किस्सा येतो, तिथे ज्या जालिम बादशहाच्या भीतीने ते नौजवान गुहेत जाऊन बसले, त्याचे नाव दकियानूस दिलेले असते. रोमच्या इतिहासात हाच माणूस डेसियस म्हणून ओळखला जातो. त्याने इसवी सन 249 ते 251, म्हणजे जेमतेम दोन वर्षे राज्य केले.

इथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. कुरआनने ना त्या बादशहाचे नाव सांगितले आहे, ना शहराचे. ते तरुण किती होते, यावरसुद्धा वाद घालत बसू नका, अशीच शिकवण सूरह कहफमध्ये आहे. दकियानूस हे नाव आणि इफिसस हे शहर (आजच्या तुर्कस्तानात त्याचे अवशेष आहेत) सीरियाकडच्या ख्रिस्ती रिवायतींतून आपल्या मुफस्सिरांपर्यंत आले. सन 521 मध्ये वारलेला सरूगचा याकूब हा सीरियन पाद्री या तरुणांवर वाझ करीत असे, म्हणजे प्रेषितांच्या जन्माच्या आधीच तो किस्सा त्या भागात घरोघरी माहीत होता. ते तरुण नेमके डेसियसच्याच काळातले होते का, हे आपण अल्लाहवर सोडू. पण डेसियसने जे केले त्याचे कागद मात्र आजही अस्तित्वात आहेत. अगदी खरेखुरे, सही-शिक्क्यासारखे सरकारी कागद. हा लेख त्या कागदांबद्दल आहे, आणि त्या कागदामुळे ज्यांच्या ईमानाची परीक्षा झाली त्या लोकांबद्दल.

त्याआधी काय होते?

सर्वसाधारण समज असा आहे की हजरत ईसा (अलै.) यांच्यानंतर तीनशे वर्षे रोमन सरकार त्यांच्या अनुयायांना रोज सिंहापुढे टाकत होते. तसे नव्हते. जुल्म झाला आणि भयंकर झाला, पण तो सलग नव्हता. एका शहरात आग लागलेली असे आणि शेजारच्या प्रांतात लोक निवांत असत. सन 64 मध्ये रोम शहर जळाले तेव्हा नीरो बादशहाने आळ ख्रिस्ती लोकांवर टाकला आणि त्यांना हाल करून मारले. पण ते रोम शहरापुरते होते.

सरकारची खरी रीत कशी होती ते कळते साधारण सन 112 च्या एका पत्रव्यवहारातून. काळ्या समुद्राच्या काठी बिथिनिया नावाचा प्रांत होता. तिथला सुभेदार प्लिनी याने बादशहा ट्राजनला पत्र लिहून विचारले की या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय? मी आतापर्यंत काय केले तेही त्याने कळवले. समोर आणलेल्या माणसाला तो विचारायचा, तू ख्रिस्ती आहेस का? हो म्हटले तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायचा, शिक्षेची धमकी देऊन. तरी हो म्हटले तर मौत. रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी. आणि जो नाही म्हणेल, त्याने देवांच्या मूर्ती आणि बादशहाच्या पुतळ्यापुढे धूप आणि दारू वाहायची, वर मसीहला शिव्याशाप द्यायचे, की सुटला. खात्री करून घेण्यासाठी प्लिनीने दोन गुलाम बायकांचा छळ करून चौकशी केली. त्या दोघी त्यांच्या जमातीत खिदमतगार होत्या. हाती काही गुन्हा लागला नाही. पहाटे जमतात, भजन गातात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, एवढेच.

ट्राजनचे उत्तर वाचून वकील माणूस डोक्याला हात लावेल. त्यांना शोधत फिरू नका. निनावी तक्रारी घेऊ नका. पण कुणी समोर आणले आणि सिद्ध झाले तर शिक्षा द्या. आणि देवांची पूजा करून नाकारले तर माफ करा. म्हणजे गुन्हा कोणता? कृती नाही, फक्त नाव. कार्थेज (आजच्या ट्यूनिस शहराजवळ) इथल्या टर्टुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने सन 197 च्या सुमारास नेमके इथेच बोट ठेवले. चोराला तुम्ही मारता ते त्याने कबूल करावे म्हणून, आम्हाला मारता ते आम्ही नाकारावे म्हणून, असा त्याचा मुद्दा होता.

मग रोमन लोकांना एवढा राग का होता? त्यांच्याकडे देवांची कमी नव्हती. आणखी एक देव आला तर त्यांची हरकत नसे. हरकत होती ती 'बाकीचे सगळे खोटे' म्हणण्याला. साथ आली, पाऊस पडला नाही, शत्रू सरहद्दीवर आला, की लोक म्हणत देव कोपले, कारण ही माणसे त्यांना मानत नाहीत. ख्रिस्ती लोकांना ते चक्क नास्तिक म्हणत. यहुदी लोकांचा धर्म बापजाद्यांपासूनचा म्हणून त्यांना सवलत होती. ख्रिस्ती मात्र नवे, आणि बापाचा धर्म सोडून आलेले. बापाचा धर्म सोडला हा आरोप मक्केतही कुरैशने केला होता, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

बापावरून आठवण झाली परपेतुआची. सन 203, कार्थेज. वय साधारण 22, चांगल्या घरची शिकलेली मुलगी, अंगावर पिणारे बाळ. तिला पकडून कैदेत टाकले. कैदेत तिने स्वतः लिहिलेली हकीकत आज उपलब्ध आहे, त्या काळातल्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेले फार थोडे शिल्लक आहे, त्यातले हे एक. तिचा म्हातारा बाप पुन्हा पुन्हा येतो. आधी रागावतो, मग तिचे हात चुंबतो, पायाशी पडतो, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ, तुझ्या बाळाकडे बघ म्हणतो. ती त्याला समोरच्या घागरीकडे बोट करून विचारते की हिला घागरीशिवाय दुसरे काही म्हणता येईल का? तसेच मीही जे आहे त्याशिवाय दुसरे काही म्हणवून घेऊ शकत नाही. तिच्याबरोबर फेलिसिटी नावाची गुलाम बाई होती, आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला मारायचे नाही असा रोमन कायदा. तिला भीती ही की आपले साथीदार आधी मारले जातील आणि आपण मागे राहू. कैदेतच तिला मुलगी झाली. ती मुलगी जमातीतल्या एका बहिणीने वाढवली. दोघी बायका त्या वर्षी 7 मार्चला आखाड्यात मारल्या गेल्या.

परपेतुआची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती सांगायला सोपी आहे. तिच्यासारखे लोक थोडे असतात. बाकीच्यांचे काय होते, हा जास्त अवघड प्रश्न आहे, आणि तो डेसियसने उभा केला.

बळी दिल्याचा दाखला

डेसियसच्या आधी फिलिप नावाचा बादशहा होता. तो आजच्या सीरियातला, म्हणून इतिहासात त्याला फिलिप अरब म्हणतात. त्याच्या काळात 248 मध्ये रोम शहराला हजार वर्षे झाल्याचा मोठा सोहळा झाला. पण सल्तनतीची हालत खराब होती. डॅन्यूब नदीवर गॉथ टोळ्या धडका देत होत्या, फौजा बंड करीत होत्या. डेसियस तख्तावर आला आणि त्याने ठरवले की देवांना राजी केले पाहिजे. सल्तनतीतल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यावा, दारू वाहावी, बळीचे मांस चाखावे, असा हुकूम त्याने काढला. तोपर्यंत कुणीतरी तक्रार करेल तेव्हा सरकार हलायचे. आता सरकार स्वतः दारात आले.

आणि इथे तो दाखला येतो. प्रत्येक गावात समिती नेमली. तिच्यासमोर बळी द्यायचा आणि लेखी दाखला घ्यायचा. मिसरच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे 40 हून जास्त दाखले सापडले आहेत, बहुतेक सगळे जून-जुलै 250 मधले. त्यातला पहिला 1893 मध्ये प्रसिद्ध झाला. तो 72 वर्षांच्या एका म्हाताऱ्याचा आहे. अर्जाचा मसुदा बघितला तर तहसील कचेरीत गेलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. समितीला उद्देशून, अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, आणि ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण. मग मजकूर असा की मी कायम देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्या समक्ष हुकुमाप्रमाणे बळी दिला, वाहिले आणि चाखले, तरी खाली सही करून द्यावी. खाली सही, तारीख.

हा म्हातारा ख्रिस्ती होता का? बहुधा नाही. दाखला सगळ्यांनाच घ्यावा लागत होता. एक दाखला तर मगरीच्या देवाच्या पुजारणीचा आहे! म्हणजे जी रोज देवळातच असते तिलाही सिद्ध करावे लागले की मी देव मानते. हुकुमात ख्रिस्ती लोकांचे नाव होते असेही दिसत नाही. पण नाव न घेताही कुणाच्या गळ्याशी फास येणार, हे उघड होते. ज्याला मूर्तीपुढे धूप जाळायला काही वाटत नाही त्याच्यासाठी ती एक सकाळ वाया जाण्याची बाब. ज्याला वाटते त्याच्यासाठी ईमान की जान.

कार्थेजमध्ये काय झाले ते तिथला बिशप सिप्रियन याने लिहून ठेवले आहे, आणि त्याने लपवाछपवी केलेली नाही. लोक बोलावण्याची वाट न बघता स्वतःहून चौकात धावले. संध्याकाळ झाली, अधिकारी म्हणाले उद्या या, तर आजच उरकून घ्या म्हणून काहींनी विनवण्या केल्या. आईबापांनी कडेवरची पोरे नेली. सिप्रियनच्या मते दुखणे आधीपासूनचे होते. तीस-चाळीस वर्षे बऱ्यापैकी शांततेत गेलेली, लोक पैसा, जमीनजुमला जमवण्यात गुंतलेले. मालमत्ता जप्त होईल या भीतीनेच बरेचसे कोसळले, मारहाण तर पुढची गोष्ट.

कोसळलेल्यांचे प्रकार होते. काहींनी खरोखर बळी दिला. काहींनी फक्त चिमूटभर धूप टाकला. आणि तिसरा गट फार हुशार: त्यांनी बळी दिलाच नाही, पण समितीतल्या कुणाचे हात ओले करून दाखला मिळवला. हात स्वच्छ, कागदही हातात. त्यांचे म्हणणे, आम्ही कुठे काय केले? आम्ही तर गुनाह टाळण्यासाठी पैसे भरले. सिप्रियनचे म्हणणे, पण त्या कागदावर तुझ्या नावाने लिहिले आहे की मी केले. हा वाद आजच्या माणसालाही नवा वाटणार नाही. मला स्वतःला या तिसऱ्या गटाबद्दल पटकन फैसला देता येत नाही. भ्याडपणा म्हणावा तर त्यांच्या घरात लहान मुले होती. समजूतदारपणा म्हणावा तर शेजारच्या गल्लीत त्याच दिवशी कुणीतरी कैदेत उपाशी मरत होते.

आणि एक बोना नावाची बाई होती. तिची हकीकत दुसऱ्या एका बिशपने सिप्रियनला पत्रातून कळवली. तिच्या नवऱ्यानेच तिला फरफटत वेदीपाशी नेले. इतरांनी तिचे हात धरले आणि त्या धरलेल्या हातांनी बळी देण्याचे काम उरकले. ती ओरडत राहिली की हे मी केलेले नाही, तुम्ही केले आहे. तिला हद्दपार केले गेले. प्रश्न असा विचारला होता की हिला जमातीतली समजायचे की नाही? प्रश्न विचारावा लागला, यावरून तेव्हाचे वातावरण कळते.

लपलेला बिशप

सिप्रियन स्वतः काय करत होता? तो लपला होता. हुकूम येताच शहर सोडून गेला आणि लपलेल्या ठिकाणाहून पत्रे पाठवून जमात चालवत राहिला. रोमच्या लोकांनी त्याला टोमणे मारले, कारण त्यांचा बिशप फेबियन जानेवारी 250 मध्येच मारला गेला होता. मेंढपाळ पळाला, असा त्यांचा सूर. त्याचे उत्तर असे की मी राहिलो असतो तर माझ्यामुळे शहरात दंगा पेटला असता आणि बाकीच्यांवर आणखी आफत आली असती.

लपणे म्हणजे ईमान सोडणे का? यावर ख्रिस्ती जमातीत आधीपासून एक उदाहरण होते. सन 155 च्या आसपास स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, इथे पॉलीकार्प नावाचे वृद्ध बिशप होते. धरपकड सुरू झाली तेव्हा लोकांच्या आग्रहाने ते गावाबाहेर एका शेतावर जाऊन राहिले. शोध घेत शिपाई आले तेव्हा मात्र पळाले नाहीत. शिपायांना जेवू घाला म्हणून सांगितले आणि स्वतः प्रार्थनेला वेळ मागून घेतला. सुभेदाराने मसीहला शिव्या दे म्हटल्यावर ते म्हणाले की 86 वर्षे मी त्याची चाकरी केली, त्याने माझे काही वाईट केले नाही, मग कशाला देऊ? त्यांना जाळण्यात आले. त्याच हकिकतीत क्विंटस नावाचा माणूस आहे. तो स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही पुढे व्हायला लावले, आणि जंगली जनावरे समोर दिसताच घाबरून शपथ घेऊन मोकळा झाला. हकीकत लिहिणाऱ्यांनी तिथे स्पष्ट म्हटले आहे की स्वतःहून जाऊन स्वाधीन होण्याची आम्ही तारीफ करीत नाही. संकट अंगावर ओढून घेणे हे शौर्य नाही, हे त्यांना कळले होते.

सिप्रियनबद्दलचा टोमणा काळानेच मिटवला. सात-आठ वर्षांनी व्हॅलेरियन बादशहाच्या काळात त्याला पकडले, तेव्हा तो लपला नाही. 14 सप्टेंबर 258 ला त्याचा शिरच्छेद झाला. जल्लादाला 25 सोन्याची नाणी द्या, असे त्याने आपल्या माणसांना सांगून ठेवले होते.

परत यायचे दार

डेसियस 251 मध्ये गॉथांशी लढताना मारला गेला आणि हुकूम बारगळला. आता खरी पंचाईत. जे कोसळले होते ते हजर झाले, रडत, पस्तावत, आम्हाला परत घ्या म्हणत. कैदेतून सुटून आलेल्या, अंगावर वळ असलेल्या लोकांचा मान मोठा होता. त्यांच्याकडून लोक माफीच्या चिठ्ठ्या आणू लागले. काही चिठ्ठ्यांत तर नावही नसे, फक्त 'अमुक आणि त्याच्या घरचे' एवढेच. सिप्रियनला ही सूट मान्य नव्हती. दुसऱ्या टोकाला रोममध्ये नोव्हेशियन होता. त्याचे म्हणणे, ज्याने मूर्तीला बळी दिला त्याला जमातीचे दार कायमचे बंद. देव माफ करेल तर करेल, आपण कोण? या मुद्द्यावर रोमची जमात फुटली, दोन बिशप झाले.

कार्थेजच्या बिशपांनी 251 मध्ये बैठक घेऊन मधला रस्ता काढला. प्रत्येकाची बाजू वेगळी ऐकायची. दाखला विकत घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यायचे. बळी दिलेल्यांनी लांब तौबा करायची आणि मरणाच्या वेळी त्यांना जवळ करायचे. पुढे एक-दोन वर्षांत नवा जुल्म येणार अशी चाहूल लागली तेव्हा त्यांनी तौबा करत असलेल्या सगळ्यांनाच घेतले. कारण साधे होते: ज्यांना उद्या उभे राहायचे आहे त्यांना आज बाहेर थंडीत कसे ठेवायचे?

पन्नास वर्षांनी, 303 मध्ये, डायोक्लेशियन बादशहाने सर्वांत मोठा जुल्म सुरू केला. चर्च पाडा, धर्मग्रंथ जप्त करून जाळा. आता प्रश्न किताबांचा होता. ज्यांनी किताबा काढून दिल्या त्यांना 'ट्रॅडिटर', म्हणजे सोपवणारे, म्हटले गेले. इंग्रजीतला 'ट्रेटर', गद्दार, तो याच शब्दातून निघाला. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस याने युक्ती केली, खऱ्या किताबा दडवल्या आणि पाखंडी लोकांची पुस्तके शिपायांच्या हाती दिली. शिपाई खूश, पण काही ख्रिस्ती त्याच्यावरही नाराज. 311 मध्ये गॅलेरियसने आणि 313 मध्ये कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांनी मोकळीक दिली तेव्हा उत्तर आफ्रिकेत भांडण उरले ते हेच, कोणी किताब सोपवली आणि अशा माणसाच्या हातून झालेला बिशप खरा की खोटा. डोनॅटस नावाच्या नेत्याच्या गटाने वेगळी चूल मांडली. थोड्याच वर्षांत ख्रिस्ती सरकारने ख्रिस्ती डोनॅटिस्टांवरच शिपाई सोडले. मार खाल्लेल्यांच्या हातात काठी यायला एक पिढीसुद्धा लागली नाही. ती फूट त्या भागात मुसलमान येईपर्यंत, म्हणजे सातव्या शतकापर्यंत, टिकून होती.

अम्मार (रजि.) आणि खब्बाब (रजि.)

ज्या प्रश्नावर कार्थेज आणि रोमची जमात इतकी वर्षे झगडली, तो प्रश्न मक्केतही उभा राहिला होता. हजरत यासिर (रजि.) आणि हजरत सुमय्या (रजि.) यांनी जुल्म सोसत जान दिली. सुमय्या (रजि.) इस्लामच्या पहिल्या शहीद. त्यांचा मुलगा अम्मार (रजि.) याच्याकडून कुरैशने मारून मारून हवे ते वदवून घेतले. तो रडत प्रेषितांकडे (सल्ल.) आला. प्रेषितांनी विचारले, दिलाची हालत काय आहे? तो म्हणाला, दिल ईमानवर पक्के आहे. तेव्हा त्यांनी सांगितले की पुन्हा तसे केले तर तूही पुन्हा तसे म्हण. सूरह नहलच्या 106 व्या आयतीत ही सवलत आहे: ज्याच्यावर जबरदस्ती झाली आणि ज्याचे दिल ईमानवर कायम आहे, त्याला वेगळे ठेवले आहे. बोनाचा प्रश्न आपल्या उलमांकडे आला असता तर उत्तराला वेळ लागला नसता.

पण सवलत आहे म्हणून सब्रची किंमत कमी झाली नाही. बुखारीत हजरत खब्बाब (रजि.) यांची हदीस आहे. ते लोहार होते, त्यांच्या पाठीवर निखाऱ्यांचे डाग होते. प्रेषित (सल्ल.) काबाच्या सावलीत चादरीला टेकून बसले असताना त्यांनी तक्रार केली की आमच्यासाठी दुआ का करत नाही? प्रेषितांनी त्यांना आधीच्या उम्मतींची आठवण दिली: माणसाला खड्ड्यात उभे करून डोक्यावर करवत ठेवून दोन तुकडे केले जात, लोखंडी फण्यांनी मांस ओरबाडले जात असे, तरी तो दीन सोडत नसे. म्हणजे मुसलमानांना धीर देताना उदाहरण दिले गेले ते आपल्या आधीच्या ईमानवाल्यांचे. आज अकीद्यात त्यांच्यात आणि आपल्यात फरक आहे, तो आपल्या जागी. पण त्यांच्या सब्रची हकीकत आपल्याला परकी नाही.

आणि असे समजू नये की आपल्याकडे हा वाद कधी झालाच नाही. सन 833 मध्ये खलीफा मामूनने बगदादच्या उलमांना कुरआनविषयी सरकारी मत मान्य करायला लावले, तेव्हा बहुतेकांनी मान तुकवली आणि अम्मार (रजि.) यांचीच मिसाल दिली. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी नकार दिला, बेड्या आणि पुढे मुअतसिमच्या काळात चाबूक सोसले. नंतर वाकलेल्या उलमांशी, अगदी जुने मित्र याह्या बिन मईन यांच्याशीही, ते पूर्वीसारखे राहिले नाहीत असे नोंदींत आहे. सवलत आम माणसाला आणि आलिमाला सारखीच आहे का, हा प्रश्न सिप्रियनला पडला तसाच बगदादलाही पडला.

नजरान

सूरह बुरूजमध्ये खंदकवाल्यांचा उल्लेख आहे, ज्यांनी आग पेटवून ईमानवाल्यांना त्यात ढकलले आणि वर बसून बघत राहिले. बऱ्याच मुफस्सिरांनी याचा संबंध यमनच्या नजरानशी जोडला आहे. तिथे सन 523 च्या सुमारास यहुदी धर्म घेतलेला हिम्यरचा बादशहा यूसुफ, म्हणजे झू नुवास, याने ख्रिस्ती लोकांना धर्म सोडा नाही तर मरा असे सांगितले. शहराचा सरदार हारिस आणि त्याच्याबरोबर अनेक बायका-पुरुष मारले गेले. ही बातमी सीरियापर्यंत पोचली, शमऊन नावाच्या बिशपने त्यावर लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. नजरानजवळच्या खडकांवर त्या मोहिमेचे शिलालेखही आहेत. मुस्लिम शरीफमधल्या लांब हदिसीत, जादूगार, राहिब आणि एका मुलाच्या किश्श्याच्या शेवटी, एक आई बाळाला घेऊन खंदकाच्या काठावर थबकते, आणि ते बाळच तिला सब्र कर म्हणून सांगते. परपेतुआच्या कडेवरचे बाळ इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

525 च्या सुमारास समुद्रापलीकडून हबशाचा ख्रिस्ती बादशहा कालेब फौज घेऊन आला आणि झू नुवासचे राज्य संपले. त्यानंतर 90 वर्षांनी, 615 मध्ये, कुरैशच्या जुल्माला कंटाळलेले मुसलमान त्याच हबशात आसरा मागायला गेले. हजरत जाफर (रजि.) यांनी नजाशीच्या दरबारात सूरह मरियम पढली आणि कुरैशचे वकील रिकाम्या हाताने परतले.

नजरानची वस्ती उजाड झाली नव्हती. मारले गेले त्यांची नातवंडे-पणतवंडे तिथे राहत होती, त्यांचे चर्च होते, बिशप होता. त्यांचे साठेक लोकांचे शिष्टमंडळ मदिनेला आले. ईसा (अलै.) यांच्याविषयी प्रेषितांशी (सल्ल.) त्यांची चर्चा झाली, मतभेद कायम राहिले, शेवटी त्यांच्या जानमालाच्या आणि धर्माच्या हिफाजतीचा करार लिहून दिला गेला. इब्ने इसहाकच्या सीरतमध्ये नोंद आहे की त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा ते मस्जिद-ए-नबवीतच उभे राहिले. लोक अडवू लागले. प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले, राहू द्या. त्यांनी पूर्वेकडे तोंड करून आपली प्रार्थना पूर्ण केली.